उकळत्या पाण्यातला जीव आणि टंगस्टन

जुन्या पद्धतीचा काचेचा बल्ब तुम्ही पाहिला आहे का? त्याच्या आत एक बारीक तार असते. ती टंगस्टन या धातूची असते. टंगस्टन वितळायला सुमारे ३४२२ अंश सेल्सिअस तापमान लागतं. दुसऱ्या कुठल्याही धातूला एवढं लागत नाही!

असा धातू सजीवांच्या काय कामाचा, असं तुम्हाला वाटेल. पण काही सूक्ष्मजीवांना तो हवाच असतो.

इटलीमध्ये व्हल्कानो नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. तिथल्या समुद्रातल्या गरम गाळात शास्त्रज्ञांना एक सूक्ष्मजीव सापडला. १९८६ साली त्याला नाव मिळालं, पायरोकॉकस फ्युरिओसस. पाणी उकळतं त्या, म्हणजे १०० अंश तापमानाला तो सगळ्यात छान वाढतो.

त्याला टंगस्टन कशाला लागतो? सजीवांच्या शरीरात एन्झाइम, म्हणजेच विकरं असतात. त्यांच्यामुळे रासायनिक कामं झटपट होतात. या जीवाच्या काही विकरांच्या मध्यभागी टंगस्टनचा अणू बसलेला असतो. तो नसेल, तर ती विकरं काम करत नाहीत.

मग आपल्यालाही टंगस्टन हवा का? नाही. आपल्या शरीराला मॉलिब्डेनम हा धातू लागतो, तोही अगदी थोडा. डाळी आणि कडधान्यांतून तो आपल्याला मिळतो. आवर्त सारणीत मॉलिब्डेनमचा क्रमांक ४२ आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या घरात ७४ क्रमांकाचा टंगस्टन आहे. दोघांचे अणू जवळजवळ सारख्याच आकाराचे असतात.

इथेच गडबड होते. शास्त्रज्ञांनी उंदरांना बराच टंगस्टन दिला, तेव्हा तो त्यांच्या विकरात मॉलिब्डेनमच्या जागी जाऊन बसला. किल्ली कुलपात गेली, पण फिरलीच नाही! विकराचं काम थांबलं. हे विकर माणसातही असतं आणि ते फार महत्त्वाचं आहे. जन्मापासून ते काम करत नसेल, तर बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होते.

म्हणून एखादा धातू चांगला की वाईट, एवढंच विचारून चालत नाही. कुणासाठी, हेही विचारावं लागतं.

वाचा आणि सांगा:
१. आपल्याला मॉलिब्डेनम कशातून मिळतो?
२. टंगस्टन मॉलिब्डेनमची जागा का घेऊ शकतो?
३. तुमच्या घरी कोणकोणत्या डाळी आणि कडधान्यं खातात?