परत आलेल्या पुस्तकांचा ढीग

कोणत्याही जुन्या सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी सहा-साडेसहाला जाऊन उभं राहावं. नव्या पुस्तकांचं काचेचं कपाट दर्शनी भागात असतं, विषयवार लावलेल्या मांडण्या आत असतात, पण गर्दी या दोन्हींपाशी नसते. ती असते काउंटरच्या कडेला, आज परत आलेल्या आणि अजून जागेवर न गेलेल्या पुस्तकांच्या ढिगापाशी. कारण सरळ आहे. कपाटातलं पुस्तक वाचनालयाने घेतलेलं असतं, ढिगातलं कोणीतरी घरी नेऊन वाचलेलं असतं. त्यातही मुरलेले सभासद पुस्तकाकडे न बघता ते कोणी परत केलं याकडे बघतात. कोपऱ्यातले निवृत्त मास्तर नेतात ते सगळं जड, दुसऱ्या गल्लीतल्या काकू नेतात ते हमखास चांगलं, असे हिशोब ज्याच्या त्याच्या डोक्यात पक्के असतात.

पुस्तक उघडलं की मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी. शिक्के दाटीवाटीने असले तर पुस्तक चालतंय, दोन शिक्क्यांत चार वर्षांचं अंतर असलं तर विचार करावा. आणि मग पेन्सिलीतले शेरे. ‘जरूर वाचा.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘का?’ त्याखाली तिसऱ्याने, ‘पहिली पन्नास पानं सोडून वाचा.’ वाचनालयाच्या नियमांत हे पुस्तक विद्रूप करणं आहे, त्याला दंडही असतो, आणि तो असावाच. तरी मी पुस्तक घरी आणलं की आधी शेरे शोधतो. छापील मलपृष्ठावर लेखकाचे स्नेही बोलत असतात. इथे बोलणाऱ्याला काही मिळायचं नसतं.

मराठी पुस्तक वाचकापर्यंत पोचतं ते आजही प्रामुख्याने माणसामार्फत. पुस्तकांच्या जाहिराती त्या मानाने क्षीण, परीक्षणं यायची ती उशिरा, आणि बरं म्हणावं असं पुस्तकाचं दुकान तालुक्याच्या गावीही मिळेलच असं नाही. मिळालं तर त्यात गाइडं आणि वह्या. राहता राहिलं वाचनालय आणि ओळखीचा माणूस.

वाचनालयांची परंपरा आपल्याकडे लांबलचक आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये निघालं. १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानाची व्यवस्था लागली. आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात एक खोली, एक टेबल, चार वर्तमानपत्रं आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारा एक माणूस असतो. त्याला ग्रंथपाल म्हणायचं. पण तो माणूस वाचणारा निघाला तर अख्ख्या गावाचं वाचन बदलतं. सभासदाने काय नेलं, किती दिवसांत परत केलं, करताना तोंड कसं होतं, हे सगळं त्याला दिसत असतं. टेबलाच्या खणात तो दोन-तीन पुस्तकं खास माणसांसाठी दडवून ठेवतो. ज्यांच्यासाठी ठेवत नाही ते रागावतात. मी दोन्ही बाजूंना राहून पाहिलं आहे, खणाच्या बाजूला असणं केव्हाही बरं.

दिवाळी अंक हे या सगळ्या देवाणघेवाणीचं वार्षिक पर्व. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही प्रथा धरतात. अंक विकत किती घेतले जातात हा संपादकांच्या रक्तदाबाचा विषय. वाचले मात्र जातात ते मुख्यतः वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत. एकदा वर्गणी भरायची आणि हवे तितके अंक आळीपाळीने न्यायचे. पहिल्या आठवड्यात ‘मौज’ कोणाकडे आहे यावरून कुजबुज, ‘आवाज’ कायम बाहेर. संक्रांतीपर्यंत मुखपृष्ठं सुटतात, वाचनालयवाले खाकी कागद चिकटवून वर शाईने नाव घालतात, आणि शिमग्यापर्यंत अंक नुसता हातात घेतला तरी चांगली कथा जिथे आहे तिथेच उघडतो. अनुक्रमणिकेत संपादकाने ती कुठेही टाकलेली असो.

याद्यांचं म्हणाल तर त्यांचाही आपल्याला जुना शौक. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू केलं, ते ग्रंथप्रेमी मंडळाचं मासिक म्हणून. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यात भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवली, आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदराने कोणती पुस्तकं वाचावीत याचा कौल वाचकांकडून घेतला. ती यादी कापून पाकिटात ठेवणारे, ती घेऊनच दुकानात शिरणारे लोक होते. त्या यादीचा गुण असा की ती ताजी होती. सरलेल्या वर्षाबद्दल बोलायची.

आजच्या याद्यांत तो ताजेपणा नाही ही माझी तक्रार आहे. ‘आवडती पुस्तकं सांगा’ म्हटलं की ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘ययाति’, ‘श्रीमान योगी’, ‘बटाट्याची चाळ’, आणि सांगणारा जरा निराळा असेल तर ‘कोसला’. ही सगळी १९५८ ते १९६८ या एका दशकातली पुस्तकं. वाईट एकही नाही. पण विचारलेलं असतं आवडीबद्दल आणि उत्तर येतं संस्कारांबद्दल. दहावीच्या सुट्टीत जे वाचलं ते सांगून माणूस मोकळा होतो. म्हणून मी ‘आवडतं पुस्तक कोणतं’ हा प्रश्न टाकून दिला आहे. ‘सध्या उशाशी काय आहे?’ हे विचारावं. लोक आधी ओशाळतात, मग खरं बोलतात. उशाशी रहस्यकथा असते, अर्धवट सोडलेलं चरित्र असतं, मुलाचं बालवाङ्मय असतं, आणि गप्पा तिथून सुरू होतात.

‘सध्या काय वाचतोय’ हे गांभीर्याने लिहून ठेवण्याचंही मराठीत एक दालन आहे, आणि ते समृद्ध आहे. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ वाचून एका पिढीला जगातल्या ग्रंथांची नावं कळली. ते ग्रंथ तिच्या गावात मिळायची सोय नव्हती ही गोष्ट वेगळी. जयप्रकाश सावंतांचं ‘पुस्तकनाद’, नीतीन रिंढ्यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’, निरंजन घाट्यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ ही त्याच घराण्यातली. माझा जीव मात्र सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’वर. मूळ हे ‘आपले वाङ्मय वृत्त’ मधलं सदर. त्याच्या पुस्तकाला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. काळसेकर लघुनियतकालिकांच्या चळवळीतले कवी. पुस्तक त्यांना कुठे सापडलं, कोणी सुचवलं, त्यावरून आणखी कोणतं आठवलं, हे सगळं ते सांगत जातात. समीक्षक पुस्तकाला गुण देतो. काळसेकर पुस्तकाची ओळख करून देतात, आणि ती ज्याला करून देतात त्या वाचकाला ते मूर्ख समजत नाहीत.

आणि पत्रं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, माणसांत मिसळणं त्यांना फारसं मानवलं नाही, पण पत्रांतून पुस्तकांविषयी ते भरभरून बोलले. सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली त्यांची पत्रं ‘जी.एं.ची निवडक पत्रे’च्या पहिल्या खंडात आहेत, सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रं ‘प्रिय जी. ए.’मध्ये. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. एकाने उत्साहाने सांगितलेलं दुसऱ्याला पटलंच पाहिजे असा दंडक तिथे नाही, आणि न पटल्याने कोणी दुखावतही नाही. याच जी.एं.नी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा मराठीत आणल्या. आवडलेलं पुस्तक इतरांनी वाचावं म्हणून माणूस किती कष्ट उपसतो याचं हे टोक. राम पटवर्धनांचं ‘पाडस’ आणि शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’ ही त्याच पंगतीतली.

एक पुस्तक केवळ तोंडोतोंडी कुठवर जाऊ शकतं? वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ बघा. १९८१ चं पुस्तक. लेखिका ग्रंथपालनाचं शिक्षण घेतलेल्या, विषय अमेरिकेतल्या गुलामगिरीत जन्मलेला कृषिशास्त्रज्ञ. यात खपायचं म्हणून काहीही नाही. पण शिक्षकांनी ते वर्गात सांगितलं, आयांनी बारशा-मुंजीत वाटलं, कृषी पदविकेच्या पोरांनी वसतिगृहात फिरवलं. माझ्या घरी ते तीनदा भेट म्हणून आलं आणि तीनही प्रती पुढे गेल्या.

ही ताकद ओळखून तिला रीतसर चळवळीचं रूप दिलं ते ‘ग्रंथाली’ने. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ती सुरू केली तेव्हा स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. सभासदांकडून आधी पैसे घ्यायचे, पुस्तक स्वस्तात द्यायचं, आणि ते घेऊन गावोगाव जायचं. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं ते ‘ग्रंथाली’कडून, ‘उपरा’ही तिथूनच. ज्या घरांतून दलित-भटक्यांच्या जगण्याचा उल्लेखही होत नसे त्या घरांत ही पुस्तकं सभासदत्वाच्या गठ्ठ्यातून शिरली. काहींनी ती न वाचता ठेवली असतील, काहींना ती रुचली नसतील. पण ज्याला आपण होऊन हे पुस्तक कधीच मागावंसं वाटलं नसतं त्याच्या टेबलावर ते पडलं. आवड जुळवून पुस्तक सुचवणं सोपं असतं. आवड मोडणारं पुस्तक सुचवायला सुचवणाऱ्यावर विश्वास लागतो, आणि तो ‘ग्रंथाली’ने कमावला होता.

पुस्तकाने माणसाकडे जावं ही कल्पना त्याहून जुनी. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बडोद्याला बोलावलं आणि संस्थानात लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरू लागली. जवळपास शंभर वर्षांनी, २००९ मध्ये, नाशिकला विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं तेही पेटीवरच. वाढदिवसाला खर्च करायचे ते पैसे पुस्तकांना द्या, असं मित्रांना सांगून पेट्या जमल्या. एका गटाची पेटी वाचून झाली की ती दुसऱ्या गटाकडे. दुबईच्या मराठी घरांतही या पेट्या गेल्या. त्या मानाने भिलार मला थोडं कोरडं वाटतं. पाचगणीजवळचं हे गाव २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, घराघरांत एकेका विषयाची पुस्तकं मांडली, कौतुकाचीच गोष्ट आहे. पण स्ट्रॉबेरी खाऊन परतणाऱ्या पाहुण्याला पुस्तक घरी नेता येत नाही. चाळायचं आणि ठेवायचं. वाचन काही असं होत नाही.

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा मेळा भरवायला सुरुवात केली, तो मात्र अस्सल. आपली वाचून झालेली द्यायची, दुसऱ्यांची न्यायची. अशा ठिकाणी लोक काय देऊन टाकतात ते बघण्यासारखं असतं. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त येतात ती यशस्वी कसं व्हावं हे शिकवणारी भाषांतरं, जवळजवळ कोरी. पु. ल. येत नाहीत. आले तर पहिल्या पानावर आजोबांची सही असते आणि नातवाला ती दिसलेली नसते.

हल्ली पुस्तक भिशीही निघाल्या आहेत. आमच्या ओळखीतल्या एका भिशीत महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये जमतात. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची, आणि पुढच्या महिन्यात काय घेतलं, का घेतलं ते सांगायचं. एकदा मी तिथे पाहुणा होतो.

“काकू, तुम्ही ‘रिंगाण’ आणलंत? ते म्हशीचं आहे म्हणे.”

“म्हशीचंच आहे. धरणात गाव गेलं, माणसं उठली, जनावरं मागं राहिली. तो परत तिकडे जातो.”

“मग म्हैस सापडते?”

“नेऊन वाच. आणि रात्री नको वाचूस, तुला झोप लागायची नाही.”

कृष्णात खोतांच्या त्या कादंबरीला २०२३ चा अकादमी पुरस्कार आहे हे काकूंनी सांगितलंच नाही. त्यांना ते माहीत होतं की नाही कोण जाणे. तरी त्या महिन्यात ‘रिंगाण’ला चार जणींचा नंबर लागला. ‘तुला झोप लागायची नाही’ हे वाक्य त्या मुलीला उद्देशून होतं, बाकीच्यांनी ते ऐकलं, आणि प्रत्येकीला आपली झोप पारखून घ्यावीशी वाटली.

आता माझ्याकडची देणी. दहावीला इंग्रजीत गचकलेलं कोणी घरात असेल तर त्याला शरद बाविस्करांचं ‘भुरा’ द्या. लेखक स्वतः गचकला होता आणि पुढे दिल्लीत जेएनयूत फ्रेंचचा प्राध्यापक झाला, पण पुस्तक तेवढ्यावर थांबत नाही. ज्याला भविष्याची फार खात्री आहे त्याला नंदा खरे यांचं ‘उद्या’. २०२० चा अकादमी पुरस्कार या पुस्तकाला जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला, हे देताना सांगितलं तरी चालेल. ‘हल्ली वाचायला वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्याला देविदास सौदागरांचं ‘उसवण’ द्यावं. तुळजापूरच्या या लेखकाने स्वतः शिवणकाम केलेलं आहे, आणि तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवल्यावर गावातल्या शिंप्याचं काय होतं ते त्याने आटोपशीर कादंबरीत सांगितलं आहे. दोन रात्री पुरतात. माझी प्रत सध्या बाहेर आहे, तुळशीच्या लग्नापर्यंत परत येईल असं नेणाऱ्याने कबूल केलंय. त्यानंतर कोणाला हवी असेल त्याने आधी सांगून ठेवावं, आणि येताना स्वतःच्या उशाशी असलेलं घेऊन यावं, अर्धवट वाचलेलं असलं तरी चालेल.