दोन बादल्यांत गाडी

खंडेनवमीच्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी चक्कर मारा, घराघरासमोर मोटारसायकल धुणं चाललेलं दिसेल. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडणार, हँडलला हळदकुंकू लागणार. दिवाळीत पुन्हा एकदा धुलाई. वर्षातले हे दोन दिवस सोडले तर मात्र बहुतेक गाड्यांच्या नशिबी फक्त पावसाचं पाणी असतं. आणि ही तीच गाडी, जिच्यावर पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर जातात, दुपारी खताची गोणी शेतावर जाते, रात्री-अपरात्री आजारी माणूस अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोचतो. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघाली की ट्रकमध्ये संसाराबरोबर गाडीही चढते. जिच्यावर घर चालतं, तिला पंधरा दिवसांतून एकदा स्वच्छ केलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी अर्धा तास आणि दोन बादल्या पाणी पुरतं.

पाण्याचं आधी बोलू, कारण आपल्याकडे सगळं तिथंच अडतं. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि दर दोन-चार वर्षांनी तोही दगा देतो. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्यावर तहान भागवणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात नळाला पाइप लावून गाडीवर पाणी सोडून देणं मनाला पटत नाही. साध्या पाइपातून मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं पाइप चालला की शंभर लिटर गेलं. तेच काम दोन बादल्यांत, म्हणजे तीस-पस्तीस लिटरांत, जास्त चांगलं होतं. पाइपाचं पाणी नुसतं वाहून जातं, बादलीतलं पाणी जपून हव्या त्या जागी लावता येतं.

आपली गाडी घाण होते ती प्रामुख्यानं काळ्या मातीनं. या मातीतल्या चिकणमातीचा गुण असा की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगड होते. पावसाळ्यात वावरातून गाडी काढताना मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल असा गच्च बसतो की चाक फिरायचं थांबतं. मग बाभळीची काडी घेऊन तो कोरत बसावं लागतं, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. तो चिखल वाळल्यावर घासून काढायला गेलं की बारीक खडे रंगावर फिरतात आणि टाकीवर ओरखडे उठतात. म्हणून काळ्या मातीला घासायचं नाही, भिजवायचं. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि इंजिनाखाली ओलं पोतं किंवा जुनी चिंधी लावून ठेवा. दहा मिनिटांनी हात फिरवला की मातीची ढेकळं आपोआप सुटून येतात. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी या पहिल्या भिजवणीला आणि चाकांना खुशाल वापरा. टाकीला मात्र नको, त्यातला सोडा रंगाची चकाकी घालवतो.

परळीच्या भागात मातीच्या जोडीला राख असते. वीज केंद्राची राख वाहून नेणारे टिपर रस्त्यानं गेले की पांढुरकी पूड गाडीवर बसते. ही चुलीतल्या राखेसारखी मऊ नाही. दगडी कोळशाच्या राखेत सिलिकाचे काचेसारखे कठीण कण असतात. सकाळी घाईत कोरड्या फडक्यानं सीट-टाकी पुसून निघायची सवय तिथं सर्वांत महागात पडते. आधी पाणी शिंपडा, राख ओघळून जाऊ द्या, मग फडकं लावा.

धुण्याची वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, जागा सावलीची. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीवर पाणी टाकू नका. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असतात, त्यावर गार पाणी पडणं धातूला बरं नाही, आणि साबण जागच्या जागी वाळून डाग पडतात. हात टेकवता येईल इतकं इंजिन निवू द्या. गाडी डबल स्टँडवर घ्या. सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबरानं बांधा, चावीच्या भोकावर चिकटपट्टी लावा.

एका बादलीत चमचाभर गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण दोन्ही टाळा. गाडीचा शाम्पू नसला तर केसांच्या शाम्पूची एक पुडी चालते. सुरुवात वरून, म्हणजे आरसे, टाकी आणि सीटपासून करायची. चाकं सगळ्यांत शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मग शाम्पूत बुडवायचं, एवढीच शिस्त पाळली तर टाकीवर ओरखडा उठत नाही.

इंजिनाभोवतीच्या पात्यांकडे, म्हणजे फिन्सकडे, लोकांचं लक्षच जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होतं, आणि ते काम या पात्या करतात. त्यांच्यामध्ये चिखल आणि ऑइल साचलं की उष्णता अडकते. एप्रिल-मे महिन्यात, डबल सीट, वर पोतं, आणि समोर धारूरचा घाट असेल तर हे इंजिनाला चांगलंच जाचतं. जुना दात घासायचा ब्रश घेऊन एकेका पातीच्या फटीतून फिरवा. दिवाळीच्या एका धुण्यात एवढं एकच काम मन लावून केलंत तरी गाडीचं भलं होईल.

पाणी कुठं जाऊ द्यायचं नाही हेही लक्षात असू द्या. २०२० पासून बहुतेक नवीन गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. टाकीखाली, सीटखाली, सायलेन्सरच्या वाकाजवळ वायरींची जोडणी आणि सेन्सर आहेत. तिथं, हँडलच्या बटणांवर, एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि चाकांच्या मध्यावर जोराची धार मारू नका. बेअरिंगमध्ये पाणी शिरलं की ग्रीस निघून जातं. पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुवायची आपली जुनी रीत. तीच सवय गाडीला लागली आणि सिंदफणा-गोदावरीच्या पात्रात गाड्या उतरायला लागल्या. बैल पाण्यातून ताजातवाना होऊन निघतो, गाडी मात्र बेअरिंग खराब करून घेते, आणि जाताना आपलं ऑइल नदीत सोडून जाते. दोन्ही बाजूंनी नुकसान आहे, हे थांबलंच पाहिजे.

धुऊन झाल्यावर पुसणं टाळू नका. आपल्या बोअरच्या जड पाण्यात क्षार भरपूर. थेंब उन्हात वाळला की टाकीवर पांढरं कडं उरतं आणि पुढं ते निघता निघत नाही. पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी वाचवून ठेवणारी घरं आता पुष्कळ आहेत, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते चाकांना वापरा, शेवटच्या खळबळणीला नाही. त्यासाठी पावसाळ्यात धरलेलं पागोळ्याचं पाणी उत्तम. पुसायला जुनं सुती लुगडं किंवा धोतर घ्या, ते पाणी छान टिपतं. वरून डिझेल किंवा खोबरेल चोपडून चमक आणायचा मोह नको. दुसऱ्या दिवशी त्यावर दुप्पट धूळ बसते, आणि डिझेल रबराला मारक.

मग चेन. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांची चेन बंद कव्हरमध्ये असते, त्यामुळे ती घाण आहे हे दिसतच नाही. कव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढून बोट घालून बघा, काळा, चिकट, मातकट लगदा हाताला लागेल. दर पावसाळ्यानंतर मेकॅनिककडून कव्हर उघडून आतला गाळ काढून घ्यावा. घरी करायचं एवढंच की गाडी धुऊन वाळली की गिअर न्यूट्रल ठेवून, इंजिन बंद करून, मागचं चाक हातानं फिरवत चेनवर नव्वद नंबरचं ऑइल थेंब थेंब सोडायचं आणि जास्तीचं टिपून घ्यायचं. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारी पोरं मी पाहिली आहेत. त्या फडक्याबरोबर बोटं दातेरी चाकात जातात. घरात कुणी असं करत असेल तर आजच थांबवा. ऑइलचा थेंबही टायरवर किंवा डिस्कवर उडता कामा नये.

हळदकुंकवाचंही सांगून ठेवतो. पूजा मनोभावे करा, पण ओलं कुंकू टाकीवर आठवडाभर राहिलं तर रंग खातं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं हलकेच टिपून घ्या. हाराची तार हँडलमध्ये, क्लचच्या केबलजवळ अडकवू नका.

धुतलेली गाडी लगेच पोरांच्या हाती देऊ नका. ड्रमच्या ब्रेकमध्ये पाणी गेलेलं असतं आणि पहिले काही ब्रेक लागत नाहीत. सायलेन्सरची पिशवी काढा, गाडी पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग स्वतः गल्लीत हळू चालवत दोन्ही ब्रेक अलगद दाबून वाळवा. ते नीट धरतात याची खात्री झाल्यावरच गाडी डांबरी रस्त्यावर काढा.