देवराईतील कौल

येत्या प्रतिपदेला घरोघरी घट बसतील. पत्रावळीवर काळी माती पसरली जाईल, तीत धान्य पेरले जाईल आणि नऊ दिवसांत त्याचे पिवळसर कोंब वीतभर वाढतील. मृत्तिका आणि अंकुर यांचीच ही पूजा. या पूजेचे एक निराळे रूप आम्हांस यंदा संगमेश्वर तालुक्यातील एका देवराईत पाहावयास मिळाले.

गौरीगणपतींचे विसर्जन झाल्यावरचा तो रविवार. चाकरमानी अजून मुंबईस परतावयाचे होते. तालुक्याच्या गावची निसर्गप्रेमी मंडळी, गावातील पंधरावीस तरुण आणि आम्ही असे सारे सकाळी देवीच्या पायऱ्यांपाशी जमलो. समोर किंजळ, सातवीण, बेहडा यांची शतायुषी दाटी. गारंबीचे अजस्र वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. याच बेहड्यांच्या ढोलीत ककणेराची मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळे भरवितो. इतके जुने वृक्ष आता देवराईखेरीज फारसे उरले कोठे? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून हे धन अभ्यासकांपुढे मांडले. गावकऱ्यांनी मात्र ते देवीच्या धाकाने त्याआधी कित्येक पिढ्या राखले होते.

तो धाकच आमच्या कामाच्या आड आला. देवराईच्या एका अंगास रानमोडी आणि घाणेरी माजली होती. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. त्यांपैकी घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून आपल्याकडे आली. रानमोडी भाद्रपदाच्या ओल्या मातीतून हाताने उपटता येते. घाणेरीचे तसे नाही. नुसती छाटली तर ती दुप्पट फुटते; म्हणून जमिनीखाली दोन बोटांवर मूळ तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते. त्यासाठी कुदळ हवी, आणि वृद्ध गुरव म्हणाले, "गुरुजी, इथं लोखंड लावायचं नाही. बापजाद्यांपासून रीत आहे. देवीला विचारूया."

मंडळींचे म्होरके गुरुजी क्षणभरही वादात शिरले नाहीत, हे आम्हांस विशेष वाटले. गुरवांनी देवीच्या पाषाणावर उजवीडावीकडे ओले तांदूळ चिकटविले आणि गाऱ्हाणे घातले. मागून सर्वांचे "व्हय म्हाराजा!" घुमले. परके झाड काढावे काय? उजवा कौल झाला. लोखंड लावावे काय? डावा. कुदळी पायरीपाशी टेकवून ठेवल्या गेल्या.

दुपारपर्यंत रानमोडीच उपटली. हातांना तिचा उग्र वास चिकटला. एकदोघांस जळवा लागल्या. काम करता करता एक गोष्ट ध्यानी आली. दाट सावलीत ही झुडपे नव्हतीच. ती होती नव्या सभामंडपाभोवती, जेथे ऊन थेट भुईवर उतरले होते. मंडपासाठी काही वर्षांपूर्वी सात मोठी झाडे पाडली, असे एका तरुणाने सांगितले. "तेव्हा कौल लावला होता का?" आम्ही विचारले. गुरवांनी ऐकले, पण ते काही बोलले नाहीत. आमचा प्रश्न जरा उद्धटच होता.

पिठलेभाकरी झाल्यावर गुरव आपण होऊन पुन्हा देवीपुढे बसले. मूळच्या झाडास पाते लागणार नाही, असा शब्द त्यांनी या खेपेस गाऱ्हाण्यात घातला. बराच वेळ दाणा हलेना. पावसाची एक सर येऊन गेली. मग उजवा दाणा पडला.

सूर्यास्तापर्यंत मंडपाच्या एका बाजूची घाणेरी उलटी होऊन पडली. तिच्याखाली बेहड्याची बोटभर रोपे सापडली; पोरांनी त्यांच्याभोवती दगडांची आळी केली. कुदळीने एक रोप मात्र आमच्याच हातून कापले गेले. गुरवांनी ते उचलून देवीच्या पायांशी ठेवले.

परतताना ते आमच्यासोबत पाणंदीपर्यंत आले. मंडपापुढे फरसबंदी करावयाची असून तीसाठी दोन किंजळ काढण्याचे घाटत आहे, असे त्यांनी चालता चालता सांगितले.

"अष्टमीला कौल लावा म्हणतात," ते म्हणाले, "या वेळी लावणार आहे."