रेग्युलेटर बदलण्याआधी मीटर लावा

अंतरवाली सराटीहून वडीगोद्री, अंबड अशी रोज मोटारसायकल पळते आणि वर्षाच्या आत बॅटरी उतरते. आपण नवी बॅटरी घालतो, तीही बसते. मग कुणीतरी सांगतं, रेग्युलेटर गेलाय. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण नुसत्या अंदाजाने नवा आणला, तर पैसे जाऊन दुखणं तसंच राहू शकतं.

आधी त्याचं काम समजून घेऊ. इंजिनाच्या आत मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या कॉइलमध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज तयार होते. गाडी जितकी रेस, तितके व्होल्ट जास्त. बॅटरीला मात्र डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, तीही साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत. एसीची डीसी करणं आणि वरचे व्होल्ट रोखणं, ही दोन्ही कामं पंख असलेला ॲल्युमिनियमचा तो छोटा डबा करतो. मेकॅनिक त्याला आरआर युनिट म्हणतात.

आता मीटर लावू. मल्टिमीटर डीसी 20 वर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. बॅटरी अगदीच उतरली असेल तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. मग हेडलाइट चालू ठेवून गाडी रेस करा. साडेतेरा ते साडेचौदा आले तर चार्जिंग ठीक आहे. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर व्होल्ट रोखत नाही. अशा गाडीचे बल्ब उडतात, बॅटरीचं पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

आकडा 13 च्या खालीच राहिला तर मात्र घाई करू नका. बहुतेक जण इथेच फसतात, कारण दोष कॉइलमध्ये किंवा कपलरमध्येही असू शकतो. कपलर म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा. तो उघडून पाहा. पिना तपकिरी, जळालेल्या किंवा हिरवट गंजलेल्या दिसतील. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने आत गेलेलं पाणी हे काम करतं.

कॉइलकडून तीन पिवळ्या वायरी येत असतील, तर कपलर सोडवून, मीटर एसी 200 वर घेऊन, रेस केलेल्या गाडीवर दोन-दोन वायरींत व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत. त्यानंतर इंजिन बंद करून, मीटर बीपच्या खुणेवर ठेवून, वायर आणि इंजिनाची बॉडी यांच्यात बीप वाजते का पाहा. वाजली तर कॉइल अर्थ झाली आहे आणि नव्या रेग्युलेटरने काहीही होणार नाही.

एवढं तपासून दोष रेग्युलेटरचाच निघाला, की मग निवड. शंट प्रकारचा रेग्युलेटर जादा वीज कॉइललाच शॉर्ट करून जिरवतो, म्हणून तो तापतो आणि कॉइलही तापते. हेडलाइट बंद ठेवून त्याला आराम मिळत नाही, उलट जिरवायची वीज वाढते. सिरीज प्रकारचा रेग्युलेटर जादा विजेची वाटच तोडतो. तो महाग, पण थंड राहतो. माझं मत विचाराल तर 100-125 सीसीच्या गाडीला कंपनीचा मूळचा शंट पुरेसा आहे. वारंवार युनिट जळणाऱ्या मोठ्या गाडीला सिरीजचा खर्च परवडतो. एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांत इंधनाचा फवारा संगणक सांभाळतो. जास्त व्होल्टने तोही जाऊ शकतो, म्हणून तिथे स्वस्त माल नकोच.

दुकानात जुना डबा सोबत न्या आणि पार्ट नंबर जुळवा. कपलर बसतो म्हणजे युनिट तेच, असं नाही. पिनांचा क्रम वेगळा असला तर चावी फिरवताच वायर जळू शकते. जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो, त्यांची जोडणी निराळी असते. तिथे पार्ट नंबरशिवाय दुसरं काही चालवून घेऊ नका. पक्कं बिल मागा. आणखी एक, फॉग लाइटसाठी मोठा रेग्युलेटर घेतला म्हणून वीज वाढत नाही. कॉइल देईल तेवढीच मिळते.

बसवताना डब्याची पाठ फ्रेमच्या धातूला घट्ट टेकली पाहिजे आणि पंखांना वारा लागला पाहिजे. आपल्याकडचा काळ्या मातीचा चिखल त्या पंखांत सुकून घट्ट बसतो, आणि मे महिन्यात पारा 42 च्या पुढे गेला की आतली उष्णता कोंडते. पावसाळा सरला की ब्रशने पंख मोकळे करा. डबा तारेने बांधून सीटखाली कोंबू नका. वायरींना पीळ देऊन टेप गुंडाळू नका, नव्या पिना दाबून घ्या.

शेवटची तपासणी सहसा कुणी करत नाही, ती आपण करा. गाडी रेस असताना मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या प्लस वायरला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला लावा. पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधली वायर किंवा सांधा वीज खातोय. मायनसकडेही तसंच मोजा. फरक आढळला तर आधी तो सांधा दुरुस्त करून घ्या.