लेकरं तीन वयांची, सहल एक : नागपूरला जाताना

आज सहलीबद्दल बोलू. आपल्या शेंदूरजनाघाट-वरूड भागातून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी, संत्र्याच्या गाडीसोबत आपल्या घरची माणसं तिथं जातात-येतात. पण लेकरांना शहर दाखवायचं म्हणून जाणं क्वचितच होतं. आणि झालं तरी बहुतेक घरी एकच चित्र दिसतं. तीन वर्षांचं लेकरू दुपारनंतर रडत असतं, आठ वर्षांचा हात सोडून पळत असतो आणि तेरा-चौदा वर्षांची मोठी पोरगी लहान्याला कडेवर घेऊन उभी असते. तिनं काय पाहिलं, हे तिला कोणी विचारत नाही. आईचं तर नावच नको. म्हणून आमच्या मते सहलीचं नियोजन म्हणजे घरातल्या प्रत्येकाला त्या दिवसातला आपापला वाटा मिळवून देणं.

आधी दिवस ठरवू. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण नागपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास जातो. लहान लेकरांना अशा उन्हात फिरवू नये. दिवाळीच्या सुट्टीत आंबिया बहाराची तोड आणि कापसाची वेचणी असते. आपल्याकडच्या बायांना सोयीचा काळ म्हणजे तोड आटोपल्यावरचा जानेवारी. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असेल, तर सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले असतात. ते दिवस टाळावेत. सोमवारही टाळावा, कारण अजब बंगला सोमवारी बंद असतो. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या सोहळ्यासाठीच जायचं असेल तर वेगळी तयारी करावी, लहान लेकरांची सहल त्यात मिसळू नये.

आता तिकिटाचा हिशोब. एसटीत पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटी गाड्यांत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. एक घर धरू : वडील, आई, १४ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा, ३ वर्षांचं लेकरू आणि ७६ वर्षांची आजी. वडिलांचं एक पूर्ण. आई, मुलगी आणि मुलगा यांची तीन अर्धी. लहानं आणि आजी फुकट. माणसं सहा, तिकिटं अडीच. म्हणजे बाईमाणसाला आणि आजीला घरी ठेवून फार पैसे वाचत नाहीत. आजीचं आधार कार्ड तेवढं सोबत घ्या. एक लक्षात असू द्या, महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. आपण मध्य प्रदेशाच्या सीमेवर राहतो, म्हणून हे सांगितलं.

सकाळची पहिली गाडी धरावी. परतीची गाडी मात्र निघण्याआधीच विचारून ठेवावी. नागपूरहून वरूडपर्यंत येता येईल, पण वरूडहून शेंदूरजनाघाटला रात्री काय मिळेल, हे आधी माहीत हवं.

जागा किती बघायच्या? आमचं सांगणं, दोनच. एक लहान्यांच्या मनासारखी, एक मोठ्यांच्या. तिसरी गोष्ट म्हणजे मेट्रो, ती सगळ्यांनाच आवडते.

गणेशपेठ बसस्थानकापासून गांधीसागर तलाव जवळ आहे आणि तिथंच रमण विज्ञान केंद्र आहे. ते १९९२ साली सुरू झालं. तिथली साधनं हातानं फिरवून, दाबून बघायची असतात. आठ ते पंधरा वर्षांच्या लेकरांचे दोन-अडीच तास तिथं सहज जातात. शाळेच्या पुस्तकातला धडा तिथं हाताला लागतो. तिथल्या तारांगणात अंधार असतो आणि आवाज मोठा. तीन-चार वर्षांचं लेकरू घाबरतं, मग आईलाही बाहेर यावं लागतं. म्हणून त्या वेळी एका मोठ्या माणसानं लहान्याला बाहेरच्या आवारातच खेळवावं.

तिथून कॉटन मार्केट स्थानकावर मेट्रोत बसलं की पुढचं स्थानक सीताबर्डी. नागपुरात मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली. सीताबर्डीला तिचे दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात. सरकत्या जिन्यावर पदर आणि ओढणी खोचून घ्या, लेकराला मध्ये उभं करा. आजीला भीती वाटली तर लिफ्ट असते.

बर्डीहून जवळ महाराजबाग आहे. ही भोसल्यांच्या काळातली बाग, आता तिथं प्राणिसंग्रहालय आहे. तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी ही जागा चांगली, कारण मोकळं फिरता येतं आणि सावलीत डबा खाता येतो. घरात मोठी मुलंच जास्त असतील, तर महाराजबागेऐवजी झिरो माईल आणि अजब बंगला घ्यावा. झिरो माईलला इंग्रजांच्या काळचा दगडी खांब आणि चार घोडे आहेत. तिथून थोड्याच अंतरावरचा अजब बंगला १८६३ साली सुरू झालेला. जुनी शस्त्रं, मूर्ती, शिलालेख, पेंढा भरलेले प्राणी तिथं आहेत. दीक्षाभूमीला जायचं असेल तर या दोन्हींतलं काही न घेता तिकडेच निवांत जावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं काय घडलं, ते लेकरांना घरूनच सांगून न्यावं, म्हणजे स्तूपासमोर उभं राहिल्यावर त्यांना कळतं.

आता मोठ्या मुलीबद्दल. जायच्या आठ दिवस आधी तिला विचारा, तुला काय पाहायचं आहे? दोनपैकी एक जागा तिला निवडू द्या. आणि लहान्याला सांभाळायची वाटणी घरीच करून घ्या. विज्ञान केंद्रात वडिलांकडे, मेट्रोत आईकडे, बागेत आजीजवळ. मोठी पोर मदत करेल, पण दिवसभराची आया तिला करू नका. तिची पाळी येण्याचे दिवस असतील तर पॅड आणि एक जास्तीचा कपडा पिशवीत असू द्या. हे तिला मागावं लागू नये.

तीन-चार घरं मिळून गेलं तर हे सगळं आणखी सोपं होतं. एका गटानं मोठी मुलं घ्यावी, एकानं लहान. आणि बर्डीच्या बाजारात प्रत्येक बाईला अर्धा तास लेकरांशिवाय मिळावा, असं आधीच ठरवावं. गटाच्या बैठकीत दर आठवड्याला थोडे पैसे सहलीसाठी वेगळे ठेवले, तर जानेवारीत कोणाकडे हात पसरावा लागत नाही. लेकरांना खर्चायला सारखी रक्कम द्या. संपली की संपली.

खायला दशम्या, तिळाची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा आणि आपल्याच बागेची संत्री न्यावी. गाडी लागणाऱ्या लेकराला पोटभर खाऊ घालून बसवू नका, पुढची खिडकीची जागा द्या. अंगावर पिणारं बाळ असेल तर मोठ्या बसस्थानकावर हिरकणी कक्ष कुठे आहे ते विचारा. विचारायला लाजू नका, तो आपल्यासाठीच असतो.

शेवटचं आणि महत्त्वाचं. प्रत्येक लहान लेकराच्या आतल्या खिशात घरच्या दोन मोबाइल नंबरांची चिठ्ठी ठेवा. सकाळी निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा, म्हणजे कोणी काय घातलं होतं ते सांगता येतं. लेकरांना शिकवा : हात सुटला तर शोधत फिरू नको, आहेस तिथंच उभा राहा आणि गणवेशातल्या माणसाला किंवा लेकरं सोबत असलेल्या बाईला सांग. मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर मोठ्या मुलांना पाठ असावेत.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना विचारा, तुला काय आवडलं? लहान्यापासून सुरुवात करा, आजीपर्यंत जा. आणि बाई, तुमचीही पाळी आली की उत्तर द्या. तुम्हालाही सांगायला काही असेल, तर सहल चांगली झाली असं समजा.