साखरेच्या डब्यातील प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटली की आपल्या कलाशाखेच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु दिवाळीच्या सुटीत घरी भाचरे-पुतणे जमले की त्यांच्या ‘का?’ आणि ‘कसे?’मधून आपली सुटका नसते. ‘मोठा झालास की कळेल,’ असे म्हणून प्रश्न मिटवता येतो. पण एकदा मिटवलेला प्रश्न मूल पुन्हा विचारीलच असे नाही. त्यापेक्षा उत्तर त्याच्याच हातांनी शोधू द्यावे. त्यासाठी साखरेचा डबा पुरेसा आहे.

पहिला प्रयोग शर्यतीचा. लिमलेटच्या तीन सारख्या गोळ्या घ्याव्यात. एक थंड पाण्यात, दुसरी तितक्याच कोमट पाण्यात टाकावी. तिसरी कुटून थंड पाण्यात घालावी. आधी कोणती विरघळेल, याचा अंदाज मुलांकडून अगोदरच वदवून घ्यावा. कोमट पाण्याचे कण अधिक वेगाने हलतात. कुटलेल्या गोळीचा अधिक भाग पाण्याला लागतो. या दोन्ही गोष्टींचा परिणाम मुले डोळ्यांनी पाहतात.

दुसरा प्रयोग खडीसाखरेचा. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून अधिक. एक वाटी पाण्यात तीन वाट्या साखर तापवून पूर्ण विरघळवावी. हे काम मोठ्यांचेच, कारण पाक उकळत्या पाण्यापेक्षाही अधिक तापतो आणि अंगाला चिकटतो. तो निवल्यावर काचेच्या बरणीत ओतावा. साखरेत घोळवून वाळवलेला दोरा त्यात तळाला न टेकेल असा सोडावा. तोंडावर फडके बांधावे आणि मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या ताटात ठेवावी. निवलेल्या पाण्याला जादा साखर पेलवत नाही. ती दोऱ्यावरच्या कणांवर थराथराने चढते. आठवड्याभरात खडे दिसू लागतात. रत्नागिरीच्या पावसाळ्यात साखरच पाणी धरते, म्हणून पाऊस सरल्यावरचे दिवस बरे.

पाडव्याच्या गाठीही साखरेच्या आणि दोऱ्याच्याच. पण तो दाट पाक साच्यात लवकर आळतो, म्हणून तिचे कण बारीक. खडीसाखरेला सवड मिळते, म्हणून तिचे खडे मोठे.

अगदी लहान मुलांच्या हाती अख्खी गोळी देऊ नये. ती घशात अडकू शकते. थोड्या मोठ्यांनी रोज बरणीचे चित्र वहीत काढावे. आणि खडे धरलेच नाहीत तर? साखर कमी पडली की कोणी बरणी हलवली, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. आपण उत्तर सांगण्याची घाई करू नये.