बांज गावाच्या कामाचा, चीड बाजाराच्या

उत्तराखंडातल्या कुमाऊँ-गढवालात गावाचा नौला, म्हणजे दगडात बांधून काढलेला झरा, आटू लागला की जुनी माणसं वरचा डोंगर निरखतात. तिथे बांज किती उरलाय, हा त्यांचा पहिला प्रश्न. बांज हा हिमालयातला ओक. साधारण 1200 ते 2300 मीटर उंचीवर तो, त्याच्या वर तिलोंज, आणि आणखी वर थंडीवाऱ्यात खर्सू, हे त्याचेच भाऊबंद. सह्याद्रीत खरा ओक नाहीच. आपल्याकडचा सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, कुळही वेगळं.

बांजवनात खाली बसून पाचोळा उकरून पाहावा. वर चिवट, खालून पांढुरकी लव असलेली पानं. मग कुजका थर. त्याखाली बुरशीच्या धाग्यांनी धरलेली काळी, गार माती. पाऊस इथे धावत सुटत नाही, मुरतो. झऱ्याचं भवितव्य खडकाच्या ठेवणीवरही असतं, त्यामुळे बांज लावला की पाणी आलं असं सरळ गणित कुणी मांडू नये. पण वरचा थर गेला की खडक एकटा काय धरणार? खोडांवर शेवाळ, दगडफूल, नेचे. सोबतीला बुरांस आणि काफळ ही झाडं. फळांवर अस्वलं आणि वानरं.

गावाला मात्र बांज आधी गोठ्यात भेटतो. ओला पाला चारा, वाळका पाला गुरांखाली अंथरायला, शेणात मुरला की शेताला खत. शिवाय जळण आणि नांगराचं लाकूड. एवढं सगळं घरच्या उपयोगाचं, बाजारात मात्र फारसं विकलं न जाणारं. चिडाचं, म्हणजे तिथल्या पाइनचं, उलट. त्याच्या राळेला आणि लाकडाला गिऱ्हाईक होतं, म्हणून ब्रिटिश वनखात्याने झुकतं माप त्याला दिलं. 1911 ते 1917 दरम्यान कुमाऊँची जंगलं राखीव झाली, गावाचे हक्क आवळले गेले. 1921 मध्ये लोकांनी जंगलं पेटवली, पण ती मुख्यतः चिडाची. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवलंय की रुंद पानांच्या जंगलांना झळ लागल्याचा पुरावा मिळत नाही. रागातही माणसं आपलं काय ते ओळखून होती. 1931 च्या नियमांनी गावाने जंगल सांभाळायच्या वनपंचायती आल्या, त्या या असंतोषातूनच.

चिडाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, तोही इथलाच. त्याची साल जाड, बी पंखांचं. उघड्या, जळलेल्या उतारावर तो पटकन रुजतो आणि त्याच्या सुया, म्हणजे पिरूल, उन्हाळ्यात वणव्याला खाद्य पुरवतात. बांजाचं बी जड, सुकलं की मेलं. हिवाळ्यात पडल्यावर त्याला पावसाळ्यापर्यंत ओल धरून राहायचं असतं, आणि मधल्या एप्रिल-मेमध्येच आग येते. सारखा पाला ओरबाडलेल्या झाडाला फळही कमी धरतं. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले, तेव्हा या आगीची बातमी झाली. एरवी ती दरवर्षीचीच.

चिपको आंदोलनानंतर 1981 साली 1000 मीटरवरची व्यापारी तोड थांबली. पण बांजाला ठेकेदाराइतकीच रोजची कोयती भारी पडते, आणि ती कायद्याने आवरत नाही. ती वापरणाऱ्यांनीच आवरावी लागते. 1980 मध्ये चमोली जिल्ह्यातल्या डुंगरी-पैंतोलीत बटाट्याच्या शेतीसाठी बांजवन द्यायला पुरुष तयार झाले होते. बदल्यात रस्ता, शाळा, दवाखाना मिळणार होता. बायकांनी जंगल तोडू दिलं नाही. चारा-लाकडाची पायपीट त्यांच्याच वाट्याला येणार होती.

पौडीतल्या उफरैंखालला सच्चिदानंद भारतींसोबत गावांनी उतारांवर ‘खाल’ म्हणतात ते पाणी अडवणारे छोटे खड्डे खणले आणि रुंद पानांची झाडं लावली. राखणीसाठी बायकांनी खांकर ठेवली, घुंगरू बांधलेली काठी. ती घेऊन एक बाई दिवसभर जंगलात फिरते, संध्याकाळी शेजारणीच्या दारात ठेवते. उद्याची पाळी तिची. रोपांच्या आकड्यांपेक्षा मला ही काठी जास्त भरवशाची वाटते. उत्तराखंड सरकारने 2024 मध्ये पिरूलला किलोमागे 50 रुपये जाहीर केले, ते ठीक. पण वणव्याच्या महिन्यांत पाळीवर फिरणाऱ्या बाईला वनपंचायतीतून रोज मिळाला, तर त्याच पैशात बांजाची रोपं पावसाळ्यापर्यंत टिकतील.